निखाऱ्याचं धुपाटणं, प्लगची धूपदानी की चार्जिंगची? बडोद्यातल्या घरासाठी तुलना

रोज संध्याकाळी धूप घालायची सवय सुटत नाही, आणि निखारा करायला घरात ना चूल उरली ना शेगडी. दांडिया बाजारातल्या चौकाच्या जुन्या घरात धुपाटणं अजून निभावतं. गोत्री नाहीतर वासणा रोडवरच्या सातव्या मजल्यावर मात्र धूर बाहेर जाण्याआधी पडद्यांत शिरतो. म्हणून विजेवर तापणाऱ्या धूपदानीकडे लोक वळतात आणि तिथे गोंधळतात, कारण दुकानात एकाच फळीवर चार वेगळ्या जातीची यंत्रं ‘कापूरदाणी’ या एकाच नावाने मांडलेली असतात.

यंत्र नंतर बघा. आधी त्यावर काय ठेवणार ते ठरवा. फक्त कापूर ठेवणाऱ्याला जे यंत्र पुरतं ते गुग्गुळाला निरुपयोगी असतं, आणि गुग्गुळाला जे लागतं त्यावर तुळशीचा पाला दोन मिनिटांत करपतो.

कोणत्या पदार्थाला किती आच

कापूर सगळ्यात सोपा. तो साध्या हवेतही उडतो, साधारण 176 अंश सेल्सिअसला वितळतो आणि दोनशेच्या थोडं पुढे उकळतो. त्यामुळे हलक्या गरम ताटलीवरही त्याचा दरवळ खोलीभर होतो. त्याची वाफ मात्र पेट घेते, आणि ज्योत जवळ असली तर पेटायला लागणारं तापमान अगदी कमी, पासष्ट अंशांच्या आसपास असतं. म्हणून कापूर ठेवलेल्या धूपदानीपासून समई-निरांजन निदान हातभर लांब हवं. निखाऱ्यावर टाकलेला कापूर बहुतेक वेळा भडकतो आणि वासाऐवजी काजळी देतो. तो आरतीला ठीक, धुपाला नाही.

ऊद, म्हणजे लोबान, ही निव्वळ राळेसारखी वस्तू. तापली की पातळ होते, वाहते आणि थंड झाल्यावर ताटलीला घट्ट बसते. धूपदान्या बिघडण्याचं पहिलं कारण हेच. शिवाय लोबान फार तापवला की त्यातलं बेंझोइक आम्ल वाफेसारखं सुटतं आणि घसा खवखवतो, खोकल्याची उबळ येते. ‘भेसळीचा लोबान दिला’ अशी तक्रार दुकानदाराकडे जाते. पुष्कळदा माल बरा असतो, ताटलीच जास्त तापलेली असते.

गुग्गुळ आणि सालई यांची गोष्ट वेगळी. या दोन्हींत राळेबरोबर डिंकाचा भाग असतो आणि डिंक वितळत नाही, फुगतो आणि कोळसा होतो. म्हणून गुग्गुळाचा खडा विजेच्या ताटलीवर मऊ होऊन पसरतो, वास देतो आणि शेवटी काळी खपली उरते. ती खपली म्हणजे बिघाड नव्हे. गुग्गुळाचं झाड कच्छच्या कोरड्या रानातलं. डिंकासाठी वाटेल तशा चिरा मारून ते इतकं घटलं की आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ते अतिसंकटग्रस्त आहे. साहजिकच बाजारात भेसळ भरपूर. मांडवी-गेंडीगेटकडच्या गांधियाणाच्या (जडीबुटी-मसाल्याच्या) दुकानात घेताना चिमूटभर घरी आणून कपभर गरम पाण्यात ढवळून बघा. खऱ्या गुग्गुळाने पाणी दुधाळ होतं, आणि तळाशी वाळू-साल किती बसते तेही कळतं. रोजच्या वापराला सालईचा डिंक चांगला पर्याय आहे. मध्य प्रदेशातल्या जंगलांतून तो येतो आणि त्याचा वास गुग्गुळापेक्षा हलका, लिंबाच्या अंगाचा असतो.

सुका पाला आणि मुळं: तुळस, गवती चहा, कडुनिंब, वाळा, नागरमोथा, जटामांसी, देवदाराचा भुसा. वास हवा असेल तर 130 ते 180 अंशांचा टप्पा यांना पुरतो. दोनशेच्या पुढे गेलं की पाला तपकिरी होतो, करपट वास सुरू होतो आणि मग ते वाफवणं न राहता जाळणंच होतं. तुळस नि गवती चहा पाच-सात मिनिटांत रिकामे होतात. वाळा आणि देवदार सावकाश वास सोडतात, म्हणून मिश्रणात ते निम्म्याहून जास्त असू द्यावेत.

शालवृक्षाची राळ विजेच्या कुठल्याच धूपदानीवर ठेवू नये. ती वितळते, वाहते, पेटते आणि भरपूर काजळी सोडते. ही राळ निखाऱ्यावरच, आणि अंगणातच.

निखारा: धूर हवा असेल तर याला तोड नाही

खोलीभर दाट धूर हवा असेल (गणपतीतली मोठी आरती, वास्तुशांत, धूपारती) तर विजेच्या यंत्राकडून अपेक्षा ठेवू नका. निखाऱ्याची आच कित्येक शे अंशांची असते. राळ त्यावर पडताच धूर उठतो. ताटली तिथपर्यंत जात नाही आणि जाऊही नये.

झटपट पेटणाऱ्या कोळशाच्या गोल वड्या मिळतात. 33 आणि 40 मिलिमीटर हे नेहमीचे माप. त्यांत सोरा असतो, म्हणून त्या तडतडत पेटतात. पद्धत अशी: धुपाटण्यात दोन-तीन सेंटिमीटर राख किंवा कोरडी वाळू भरा. वडी चिमट्यात उभी धरून कडेला ज्योत लावा. ठिणग्यांची रेघ एका बाजूकडून दुसरीकडे धावत जाते. ती वडी राखेवर ठेवून गॅलरीत पाच ते आठ मिनिटं राहू द्या. सोऱ्याचा दारूगोळ्यासारखा वास या वेळेत निघून जातो आणि वडीवर राखाडी पापुद्रा येतो. मगच हरभऱ्याएवढा खडा टाका. घाई करून काळ्या वडीवर धूप टाकला की दोन्ही वासांची खिचडी होते. आच मंद हवी असेल तर वडीवर चमचाभर राख पसरा, धूप तिच्यावर.

गॅसच्या बर्नरवर वडी थेट ठेवून पेटवणं टाळा. सोऱ्याची भुकटी बर्नरच्या भोकांत जाऊन बसते आणि ज्योत पिवळी यायला लागते.

गोवरी, म्हणजे इथलं छाणं, स्वस्त आणि सहज मिळणारं. चार बोटं रुंद तुकडा, वर अर्धा चमचा तूप, कडेला नारळाची शेंडी पेटवून द्यायची. पण जुलै ते सप्टेंबर बडोद्याची हवा इतकी दमट असते की उघड्यावर ठेवलेली गोवरी पेटण्याऐवजी पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर काढत बसते. पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा. कोळशाच्या वड्यांचंही तेच: पाकिटाचं फॉइल उघडलं की उरलेल्या हवाबंद बरणीत.

निखाऱ्याचा खरा धोका धुरात दिसत नाही. धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडतो, आणि त्याला वास नसतो. खिडक्या बंद, एसी चालू आणि कोपऱ्यात धुपाटणं, ही मांडणी करूच नका. दोन समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात, आणि धूप संपल्यावर वडी पाण्यात बुडवूनच टाकायची. वर राख दिसली तरी आत वडी तासभर लाल राहू शकते. कचऱ्याच्या बादल्या अशाच वितळतात.

तयार सांब्राणी कप ही याचीच सोपी आवृत्ती. कोळशाच्या वाटीत लोबान भरलेला असतो, पेटवला की पंधरा-वीस मिनिटं धूर. यंत्र नको, चिमटा नको. फक्त खाली धातूची ताटली आणि तिच्याखाली टाइल हवी, कारण कपाचा तळ शेवटच्या पाच मिनिटांत सगळ्यात तापतो आणि सनमायकावर गोल डाग पाडतो.

प्लगची धूपदानी: रोजच्या घरासाठी हीच

यात दोन जाती आहेत आणि त्या एक समजू नयेत. पहिली सॉकेटमध्ये थेट खोचायची, रात्रीच्या दिव्यासारखी कापूरदाणी. तिची आच मोजकीच, कापूर आणि सुगंधी तेलाचे दोन थेंब एवढ्यापुरती. तिच्यावर गुग्गुळ ठेवाल तर तासाभराने खडा मऊ होईल, बाकी काही नाही. दुसरी वायरवाली, टेबलावर ठेवायची, मध्ये चिनी मातीची किंवा धातूची तापणारी ताटली असलेली. खाली जे लिहिलं आहे ते या दुसरीबद्दल.

एकच गोष्ट बघून घ्यायची असेल तर आच कमी-जास्त करायचा खटका बघा. तो नसलेली धूपदानी स्वस्त पडते, पण सरळ कमाल तापमानाला जाऊन बसते. पहिली दोन मिनिटं छान वास, मग सुगंधी तेलं उडून जातात आणि राळेचा उरलेला भाग करपायला लागतो. खटका असेल तर वाळा-तुळस मधल्या आचेवर आणि लोबान-सालई त्याच्या थोडं वर, असा फरक करता येतो. खटक्यावर अंश लिहिलेले नसतात. तेव्हा अंदाज घ्यायला कापूरच वापरा. ताटलीवर फॉइलचा तुकडा, त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा कापूर. दाणा न वितळता नुसता झिजत गेला तर ताटली 176 अंशांच्या खाली आहे. पाण्यासारखा वितळून लगेच नाहीसा झाला तर वर. वितळण्याच्या अगदी अलीकडची जागा खटक्यावर पेनाने खूण करून ठेवा. पाल्यासाठी ती कमाल मर्यादा, राळांसाठी सुरुवात. हा प्रयोग करताना आसपास ज्योत नको.

दुसरी तपासणी पिनांची. बाहेरचं अंग पितळेचं किंवा लोखंडाचं असेल तर तीन पिनांचा प्लग आणि खरोखर जोडलेलं अर्थिंग हवंच. धातूचं अंग, दोन पिना, आणि ते हाताळणार ओल्या हातांनी देवघरात: ही धूपदानी कितीही देखणी असली तरी परत ठेवा. मातीच्या किंवा चिनी मातीच्या अंगाला ही अडचण कमी.

विजेच्या बिलाची काळजी करू नका. 40 वॅटची धूपदानी रोज वीस मिनिटं चालवली तर महिन्याचं अर्धं युनिटही होत नाही.

वापर असा. रिकामी ताटली तीन-चार मिनिटं मध्यम आचेवर तापू द्या. पाला असेल तर पाव चमचा, जाडसर रव्याएवढा कुटलेला, पातळ थरात. ढीग केला की खालचा थर करपतो आणि वरचा कच्चा राहतो. लोबान-सालईसारखी राळ असेल तर हरभऱ्याएवढा एक खडा, चेपून पसरट केलेला. पाच मिनिटांनी काडीने उलटवा. वास ओसरला की आच वाढवण्याऐवजी जुना पाला काढून नवा घाला. आच वाढवून मिळतो तो फक्त धूर. पाला मुळात सावलीत वाळवून चुरचुरीत झालेला हवा. दमट पाल्यातलं पाणी आधी उडतं, त्यातच ताटलीची आच खर्च होते आणि उकडलेल्या भाजीचा वास येतो.

मऊ राळा खलबत्त्यात चिकटतात. कुटण्याआधी पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवल्या की काचेसारख्या फुटतात.

चार्जिंगची, हातात मावणारी

अरबी बखूरसाठी, म्हणजे अत्तरात मुरवलेल्या लाकडाच्या धुपासाठी, बनलेल्या छोट्या धूपदान्या ऑनलाइन दुकानांत पुष्कळ दिसतात: यूएसबी केबल, आत लिथियम बॅटरी, वर नाण्याएवढी ताटली, झाकणाला जाळी. देखण्या असतात. भाड्याच्या खोलीत, किंवा साड्या-शेले ठेवायच्या कपाटाला, केसांना धुरी द्यायला सोयीच्या, कारण वायर आड येत नाही.

पण हिशेब मांडून बघा. 2600 मिलिअँपिअर-तासांची एक बॅटरी म्हणजे साडेनऊ वॅट-तास. ताटली 15 वॅटची धरली तर सलग चालून जेमतेम 35-40 मिनिटं, तीही बॅटरी नवी असताना. बहुतेक यंत्रं त्याआधीच पाच-दहा मिनिटांनी आपोआप बंद होतात, आणि ते बरंच आहे, कारण तापणारी ताटली आणि बॅटरी यांच्यात दोन बोटांचंच अंतर असतं. ताटली लहान म्हणून एका वेळी चिमूटभरच माल बसतो. दिवाणखाना भरेल ही आशा सोडा. गुग्गुळ यावर अर्धवटच होतो. बखूर, चंदनाची पूड, कापूर ठीक.

चार्जिंगला लावलेली असताना चालवू नका, जरी चालत असली तरी. आणि बडोद्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत विसरू नका. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असलं की आतलं डॅशबोर्ड बॅटरीला सोसवेल त्याच्या पलीकडे तापतं. तळ फुगलेला दिसला की यंत्र बाद. उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडायचं नाही.

या शोधात आणखी एक वस्तू समोर येते: तोंडात धरायची नळी असलेलं, सुका पाला तापवून वाफ ओढायचं यंत्र. ते धूपदानीच्या कुळातलं नाही. भारतात 2019 च्या ई-सिगारेट प्रतिबंधक कायद्याने, निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. विक्रीसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘हर्बल’ असं लिहिल्याने त्यात सूट मिळत नाही.

कोणी काय घ्यावं

फ्लॅट, रोजचा धूप, मुख्यतः पाला-सालई-लोबान: खटक्याची, तीन पिनांची, टेबलावरची. यावर फार विचार करण्यासारखं नाही. फक्त कापूर लावणारं घर असेल तर सॉकेटमधली कापूरदाणी पुरे, पण सॉकेट ढिला नको. ढिल्या सॉकेटमध्ये पिना तापतात आणि प्लास्टिक काळं पडतं. सणावारी धूर हवा असणाऱ्यांनी विजेच्या धूपदानीबरोबर एक छोटं मातीचं किंवा पितळेचं धुपाटणंही ठेवावं. दोन्ही मिळून एका महागड्या ‘सर्व काही करणाऱ्या’ यंत्रापेक्षा स्वस्त पडतात. चार्जिंगची धूपदानी ही दुसरी वस्तू म्हणून घ्या, पहिली म्हणून नाही.

दमेकरी घरात असेल तर निखारा नकोच, आणि ताटलीवरही धूर दिसेपर्यंत जाऊ नका. तान्ह्या बाळाला धुरी द्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, ओवा-बाळंतशोपा घालून. आजी कितीही आग्रह करो, धूर तान्ह्या फुफ्फुसांना सोसत नाही. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत कापूरही नको. कापूर मुलांच्या हाती लागू देऊ नये हे वेगळं सांगायला हवं, कारण तो खडीसाखरेसारखा दिसतो आणि थोडासा पोटात गेला तरी झटके येऊ शकतात. गेलाच तर घरी उलटी करवण्याच्या नादी न लागता सरळ दवाखाना.

सोबत काय लागतं

अभ्रकाच्या चकत्या. लोबान-सालई थेट ताटलीवर न ठेवता चकतीवर ठेवली तर ताटली वर्षानुवर्षं कोरी राहते. तयार चकत्या न मिळाल्या तर इस्त्री दुरुस्त करणाऱ्याकडे अभ्रकाचा पत्रा मिळतो, कात्रीने कापता येतो. तोवर घरचं ॲल्युमिनिअम फॉइल: पाच सेंटिमीटरचा चौकोन, कडा अर्धा सेंटिमीटर वर दुमडलेल्या, तळ अगदी सपाट. तळाला सुरकुत्या राहिल्या की मध्ये हवा अडकते आणि आच पोहोचत नाही. मग माणूस खटका वाढवतो आणि एकदम करपतं.

पाल्यासाठी बारीक स्टीलची जाळी, चहाच्या जुन्या गाळणीतून कापलेली चालते. लांब चिमटा. एक लाकडी काडी, आइसक्रीमची सुद्धा. खाली टाइल. एक्स्टेंशन बोर्ड शक्यतो नको. लागलाच तर आयएसआय खुणेचा, आणि त्यावर इतर काही नको.

साफ करायची वेळ ताटली कोमट असतानाची. वायर काढा, पाच मिनिटं थांबा, मऊ झालेली राळ लाकडी काडीने ओढून घ्या आणि सुती फडक्याने पुसा. उरलेला चिकटा पूर्ण थंड ताटलीवर सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने निघतो. नंतर निदान दहा मिनिटं उघडं सुकू द्या, कारण स्पिरिटची वाफ गरम ताटलीवर पेटते. सुरी, तारेची घासणी, आणि नळाखाली धरणं ही तिन्ही बंद. सुरीने झिलई ओरबाडली की पुढच्या वेळी राळ त्याच ओरखड्यात घुसते. आत पाणी गेलं तर धूपदानी सुकल्यासारखी वाटते, पण लावताच घरातला एमसीबी (मुख्य फळीवर आपोआप वीज तोडणारा खटका) पडतो.

कापूर काचेच्या बरणीत ठेवा. काही प्लास्टिकला तो मऊ करतो, आणि झाकण सैल असेल तर महिन्याभरात निम्मा उडतो. बरणीत दोन-चार मिरे टाकण्याची जुनी चाल आहे. मिऱ्यांनी अपाय काही नाही, पण राखण करतं ते घट्ट झाकणच.